टाळ्या आणि घरभाडं

शनिवारी दुपारी वरण-भात-तूप-लिंबू हाणून दीड तास आडवं व्हायचं, हा मी आयुष्यात इमानेइतबारे पाळलेल्या मोजक्या नियमांपैकी एक. रिलीज तोंडावर असो, सर्व्हर पेटलेला असो, शनिवारची झोप म्हणजे झोप. पण दोन-तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरातल्या एका शनिवारी बायकोने अंगावरचं पांघरूण ओढलं आणि फर्मान काढलं, "ऊठ. मागच्या गल्लीत काहीतरी चाललंय. ढोल वाजतायत."

ढोल म्हटल्यावर अर्धवट झोपेत मला आधी विसर्जनच वाटलं. मग आठवलं की आपण सिअ‍ॅटलात आहोत आणि आपला बाप्पा इथे टबात विसर्जन होतो, तोही शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू आवाजात :-)

बाहेर येऊन बघतो तर आख्खी गल्ली रस्त्यावर. एका घराच्या व्हरांड्यात दोन मुली नाचतायत, समोरच्या हिरवळीवर माणसं खुर्च्या टाकून बसलीयत. पुढच्या घराचं गॅरेज उघडं, आत गाडीच्या जागी पांढरा पडदा आणि त्यावर एक लघुपट. त्यापुढच्या घराच्या कुंपणावर चित्रं टांगलेली. तिकीटखिडकी नाही, पडदा वर जाणं नाही, 'कृपया मोबाइल बंद ठेवा' नाही. लोक हातात खाणं घेऊन एका अंगणातून दुसऱ्या अंगणात चाललेत. आपल्याकडे गल्लीतले गणपती बघत फिरायचो ना, अगदी तसं.

या प्रकाराचं नाव 'वॉक द ब्लॉक'. तो भरवते 'वा ना वारी' नावाची संस्था. (नाव ऐकून माझ्या डोळ्यांसमोर थेट पंढरपूर आलं. पण त्या वारीशी हिचा संबंध नाही. नायजेरियातल्या कालाबारी भाषेत 'वा ना वारी' म्हणजे 'आपलं घर'.) आणि ती खरोखरच एका घरात आहे. साधं दुमजली लाकडी घर. खालच्या-वरच्या खोल्यांमधून कृष्णवर्णीय कलाकारांची चित्रं, व्हिडिओ, मांडणशिल्पं.

तर मंडळी, आजचा लेख त्या दुपारबद्दल आहे. पण खरं सांगायचं तर तो माझ्या घरभाड्याबद्दल आहे.

लॉबीतले फोटो

आम्ही राहतो त्या भागाला सेंट्रल डिस्ट्रिक्ट म्हणतात. २०१४ साली आम्ही इथे आलो तेव्हा मी भाड्याच्या जाहिराती बघताना फक्त तीन गोष्टी पाहिल्या होत्या. हापिसला किती मिनिटं, भाजीचं दुकान किती लांब, आणि वॉशिंग मशीन घरात की तळघरात. इमारत नवी कोरी होती. लॉबीत कृष्णधवल फोटो लावलेले. सॅक्सोफोन वाजवणारे, हॅट घातलेले, हसणारे कृष्णवर्णीय वादक. मला ते सुंदर वाटले. 'काय टेस्ट आहे बिल्डरची!' असंही म्हणालो होतो मी. आज ते वाक्य आठवलं की कानाची पाळी गरम होते.

कारण हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. लॉबीतल्या भिंतीवर जितके कृष्णवर्णीय होते, त्याहून कमी आमच्या इमारतीत राहत होते. बाकी आम्हीच. म्हणजे लॅपटॉपची काळी बॅग पाठीला लावलेले, गळ्यात कंपनीचा बिल्ला विसरून झोपायला जाणारे आम्ही.

ते फोटो कुणाचे, ते मी खूप उशिरा शोधलं. आणि शोधल्यावर कळलं की मी एका मोठ्या गोष्टीच्या डोक्यावर वॉशिंग मशीन लावून बसलोय.

१८८२ साली विल्यम ग्रोस नावाच्या कृष्णवर्णीय हॉटेलवाल्याने या भागात बारा एकर जमीन घेतली, तिथून इथल्या वस्तीची सुरुवात मानतात. पुढे शहर वाढलं तशी नवीन वस्त्यांच्या खरेदीखतात एक कलम येऊ लागलं: ही मालमत्ता गोऱ्यांखेरीज कुणाला विकता वा भाड्याने देता येणार नाही. काही खतांत कृष्णवर्णीयांबरोबर 'एशियाटिक' असंही स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे मीसुद्धा! माझ्या क्रेडिट स्कोअरसकट! बँकाही ठरावीक भागांत कर्ज देत नसत. घरं विकताना-देताना भेद करू नये, असा कायदा १९६४ साली सिअ‍ॅटलच्या मतदारांपुढे आला, तेव्हा लोकांनी तो दुपटीहून जास्त मतांनी पाडला. अखेर एप्रिल १९६८मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाल्यानंतर पंधरा दिवसांनी, नगरपरिषदेने तो मंजूर केला.

थोडक्यात, लोकांना कोंडून ठेवायला म्हणून ही चौकट आखली होती. आणि त्या कोंडलेल्या चौकटीत काय घडलं, तर जॅक्सन स्ट्रीटवर रात्र-रात्र चालणारे जॅझ क्लब उभे राहिले. १९४८ साली फ्लोरिडाहून एक अंध पोरगा इथे येऊन पियानो वाजवू लागला, त्याचं नाव रे चार्ल्स. त्याच्या मागे मागे फिरणारा, शाळेत ट्रंपेट वाजवणारा दुसरा पोरगा क्विन्सी जोन्स. तो ज्या गारफील्ड हायस्कुलात शिकला, त्याच शाळेत काही वर्षांनी जिमी हेंड्रिक्स होता. माझ्या घरापासून ती शाळा चालत जाण्याजोगी आहे. मी रोज तिच्यावरून बसने जायचो आणि फोनमध्ये डोकं घालून ईमेल वाचायचो.

आणि हो, या शहरात वादकांच्या युनियनसुद्धा दोन होत्या. एक गोऱ्यांची, एक काळ्यांची. त्या एक झाल्या १९५८ साली. सूर तेच, वाद्यं तीच, पण वर्गणीच्या पावत्या वेगळ्या.

खिळे ठोकलेला पियानो

आता एक गोष्ट सांगतो. माझ्या मते आख्ख्या लेखातली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे.

सिव्हिला फोर्ट ही १९१७ साली सिअ‍ॅटलमध्ये जन्मलेली मुलगी. तिला नाच शिकायचा होता. बॅले शिकवणाऱ्या शाळांनी ती कृष्णवर्णीय म्हणून प्रवेश नाकारला. मग तिने खासगी शिकवणीतून नाच शिकला आणि नऊ वर्षांची असताना शेजारपाजारच्या, फी न परवडणाऱ्या पोरांना ती स्वतःच शिकवू लागली. (नवव्या वर्षी मी दुसऱ्याच्या वहीतून गृहपाठ उतरवत होतो.) पुढे तिला इथल्या कॉर्निश स्कूलमध्ये प्रवेश मिळाला.

१९४० साली तिला एक नृत्य सादर करायचं होतं. त्याचं संगीत करायचं काम तिथल्या साथीदाराकडे आलं. साथीदार म्हणजे नाचाच्या वर्गाला पियानो वाजवणारा तरुण, नाव जॉन केज. त्याला या नाचासाठी तालवाद्यांचा ताफा हवा होता. पण रंगमंच इतका लहान की ताफा मावेना. जागा होती फक्त एका पियानोपुरती. मग या पठ्ठ्याने पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट वगैरे अडकवले आणि एकट्या पियानोतून आख्ख्या तालवाद्यवृंदाचे आवाज काढले. त्याला 'प्रिपेअर्ड पियानो' म्हणतात. विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य संगीताचं कुठलंही पुस्तक उघडा, हा किस्सा सापडेल. केजचं नाव सापडेल. स्क्रूचं वर्णन सापडेल. पण ज्या मुलीच्या नाचासाठी हे सगळं झालं, तिचं नाव बऱ्याचदा एका ओळीत उरकलेलं असतं, किंवा नसतंच.

सिव्हिला फोर्ट पुढे कॅथरीन डनहॅमच्या कंपनीत नाचली आणि १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये नवऱ्याबरोबर स्वतःचा स्टुडिओ काढून तिने मरेपर्यंत पिढ्या घडवल्या. पण ते न्यूयॉर्कमध्ये. सिअ‍ॅटलने तिला पियानोपुरतीच जागा दिली.

माझा एक मित्र आहे, त्याला आपण पुणेकर म्हणू. त्याला मी 'वॉक द ब्लॉक'बद्दल उत्साहाने सांगायला गेलो तर म्हणाला, "अरे, कलेत काळी-गोरी काय असते? कला ती कला. उद्या ब्राउन फिल्म फेस्टिव्हल काढशील. हे वेगळं दुकान कशाला?"

प्रश्न चुकीचा नाही. मलाही आधी तसंच वाटायचं. पण सिव्हिला फोर्टची गोष्ट वाचल्यापासून मला वाटतं की 'कला ती कला' हे वाक्य म्हणायचा अधिकार पियानोची गोष्ट सांगताना नाचणारीचं नाव न विसरणाऱ्याला आहे. 'सगळ्यांची' म्हणून जी मोठी नाट्यगृहं होती, त्यांच्या दारात वर्षानुवर्षं कोण उभं राहिलं आणि आत कोण गेलं, याचा हिशोब केल्याशिवाय वेगळ्या दुकानाला नावं ठेवता येत नाहीत. वेगळं दुकान हौसेने काढलं गेलं नाही. मुख्य बाजारात गाळाच मिळत नव्हता.

सिनेगॉगमधला सिनेमा

सिनेमाचंही तेच. ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय लेखकाने १९१९ साली स्वतःच्याच कादंबरीवर स्वतःच सिनेमा काढला, कारण दुसरं कुणी त्याच्या अटींवर काढेना. लॉस एंजेलिसच्या चार्ल्स बर्नेटने विद्यापीठातला प्रबंध म्हणून १९७७ साली 'किलर ऑफ शीप' पूर्ण केला, दहा हजार डॉलरहून कमी खर्चात. अमेरिकेने तो १९९० साली राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन केला. आणि चित्रपटगृहांत तो रीतसर लागला कधी? २००७ साली! त्यातल्या गाण्यांच्या हक्कांचे पैसे भरायला तीस वर्षं कुणी नव्हतं. ज्यूली डॅशचा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' हा आफ्रिकन-अमेरिकन बाईने दिग्दर्शित केलेला आणि देशभर रीतसर प्रदर्शित झालेला पहिला कथापट. साल १९९१. मी तेव्हा शाळेत होतो आणि अमिताभचा 'हम' बघत होतो. म्हणजे ही काही इतिहासजमा गोष्ट नाही.

असे सिनेमे मधल्या काळात बघितले कुठे गेले? चर्चच्या हॉलमध्ये, कॉलेजात, वाचनालयात आणि वस्तीतल्या छोट्या केंद्रांमध्ये. आमच्या इथलं असं केंद्र म्हणजे लँगस्टन ह्यूज कलाकेंद्र. इमारत १९१५ सालची, मुळात ज्यूंचं सिनेगॉग. घुमट, कमानी, सगळं शाबूत. १९७०च्या सुमारास ती कृष्णवर्णीय वस्तीचं कलाकेंद्र झाली आणि हार्लेमच्या कवीचं नाव तिला मिळालं. २००४ सालापासून तिथे कृष्णवर्णीयांच्या सिनेमांचा महोत्सव भरतो. त्याला आता सिअ‍ॅटल ब्लॅक फिल्म फेस्टिव्हल म्हणतात.

कोविडच्या आदल्या वर्षी मी तिथे पहिल्यांदा गेलो. एकटाच. थोडा बावचळून, कारण 'आपण इथे बसलेलं चालतं का' हा प्रश्न. दारात सत्तरीच्या एक आजी तिकिटं तपासत होत्या. मध्यंतरात कॉफीच्या रांगेत त्यांनीच विचारलं, "कुठे राहतोस?"

मी इमारतीचं नाव सांगितलं. त्या हसल्या.

"तिथे माझी केस विंचरणारी होती," त्या म्हणाल्या. "तिसाव्या वर्षापासून मी दर शुक्रवारी तिच्या दुकानात जायचे. तुझी लॉबी आहे ना, तिथेच."

मला काय बोलावं कळेना. 'सॉरी' म्हणावं तर मी पाडलं नव्हतं. 'हो का' म्हणावं तर ते फारच कोडगं. मी विचारलं, "तुम्ही कुठे राहता?"

"आता केंटला. मुलाकडे."

केंट म्हणजे दक्षिणेला, बसने जाऊन-येऊन दोन-अडीच तासांची निश्चिंती. म्हणजे या बाई स्वतःच्याच गल्लीत स्वयंसेवक म्हणून दोन बसेस बदलून येत होत्या. आणि मी, ज्याला त्या गल्लीतलं एक नाव माहीत नव्हतं, सहा मिनिटं चालत आलो होतो.

तेवढ्यात घंटा झाली. त्या म्हणाल्या, "जा आत, पुढची फिल्म चांगली आहे." होतीही. पण मला ती नीट दिसली नाही.

टक्केवारी

१९७०च्या दशकात सेंट्रल डिस्ट्रिक्टमधले सत्तर टक्क्यांहून जास्त रहिवासी कृष्णवर्णीय होते. आज ते प्रमाण वीस टक्क्यांच्याही खाली आहे. यात नुसते आम्ही सॉफ्टवेअरवाले दोषी असं म्हणणं सोपं होईल आणि खोटंही. गळती आमच्या आधीच सुरू झाली होती. कायदा बदलल्यावर काहीजण आपणहून दुसरीकडे गेले, काहींनी घर चांगल्या किमतीला विकलं, आणि त्या पैशावर पोरं शिकवली. घर विकणाऱ्याला 'तू संस्कृती का विकलीस' असं विचारणारा मी कोण? माझ्या चुलत्याने लालबागची खोली विकून बदलापूरला फ्लॅट घेतला, तेव्हा आम्ही पेढे खाल्ले होते.

पण दुसरी बाजूही आहे. घराची किंमत वाढली की मालमत्ता कर वाढतो. पेन्शनवरच्या म्हातारीला तो झेपत नाही. भाडेकरूला तर विचारतच नाहीत. आणि माझ्यासारखा माणूस आला, पगार सांगितला, दोन महिन्यांचं भाडं आगाऊ भरलं, की पुढच्या जाहिरातीतला आकडा वर सरकतो. मी कुणाला हाकललं नाही. मी फक्त परवडलो.

आपल्या भाषेत सांगायचं तर कला म्हणजे सॉफ्टवेअर. पण ते चालायला मशीन लागतं, आणि ते कुठेतरी होस्ट करावं लागतं. ज्याचं होस्टिंग दुसऱ्याच्या हातात, त्याची साइट एक दिवस न सांगता बंद होते. आपण मात्र फक्त स्क्रीन बघतो आणि म्हणतो, वा, काय छान डिझाइन आहे.

म्हणून माझं मत असं झालंय: एखाद्या समाजाच्या कलेचा गौरव करायचा असेल तर पहिला प्रश्न 'कार्यक्रम काय आहे' हा नाही, 'जागा कुणाची आहे' हा आहे. फेब्रुवारीत ब्लॅक हिस्टरी मंथ म्हणून आमच्या हापिसात जॅझ वाजतं, कपकेक असतात, ईमेल येतं. तेही असू दे, कपकेक चांगले असतात. पण १ मार्चला काय उरतं? कपकेकचे कागद.

घर न विकण्याची युक्ती

आता परत त्या 'आपलं घर'कडे. वा ना वारी ज्या घरात आहे ते इनये वोकोमा या चित्रपटकार-कलाकाराच्या आजी-आजोबांचं. त्यांनी ते १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला घेतलेलं. नेहमीच्या गोष्टीत पुढचं पान ठरलेलं असतं: म्हातारपणाचा खर्च, घर विक्रीला, पाडापाडी, तिथे तीन उभट चौकोनी घरं. इथे २०१९ साली वोकोमा आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी ते पान फाडलं. घर संस्थेने भाड्याने घ्यायचं, त्यात कलाकेंद्र चालवायचं, आणि भाड्यातून घर कुटुंबाच्याच हातात राहायचं. साधी युक्ती. पण तिच्यामुळे आज तिथल्या बैठकीच्या खोलीत चित्रं आहेत आणि दरवर्षी शेजारीपाजारी आपापली अंगणं, गॅरेजं एका दिवसासाठी कलाकारांना देतात.

ही जिद्द इथे जुनी आहे. १९८५ साली बंद पडलेल्या कोलमन शाळेचा ताबा काही कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी घेतला. मागणी एकच: इथे आमच्या इतिहासाचं संग्रहालय करा. ते त्या थंडगार इमारतीत आठ वर्षं राहिले. आठ! आम्ही दोन तास लाइट गेले तर मॅनेजमेंटला तिकीट टाकतो. त्या शाळेत २००८ साली नॉर्थवेस्ट आफ्रिकन अमेरिकन म्युझियम उघडलं, आणि वरच्या मजल्यांवर परवडणारी ३६ घरं झाली. खाली चित्रं, वर माणसं. मला ही रचना फार आवडते. चित्रातली माणसं त्याच इमारतीत राहू शकतात, हे माझ्या लॉबीत नाही.

आणि आपण

इथे थांबलो असतो तर पुणेकर म्हणाला असता, "बरं मग? आपला काय संबंध?" संबंध आहे. तीन आहेत.

पहिला, कागदाचा. १९६५ साली अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला आणि आशियातून येणाऱ्यांसाठी दार नीट उघडलं. ते ज्या लाटेवर झालं ती नागरी हक्कांच्या चळवळीची लाट होती. मार खाल्ला तो दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांनी, व्हिसा मिळाला आम्हाला. आपण मात्र घरच्या गप्पांत 'तो एरिया जरा तसाच आहे' असं दबक्या आवाजात म्हणतो. 'तसाच' म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. मीही म्हटलंय, घर शोधताना.

दुसरा, विचारांचा. १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नाव तिकडून घेऊनच. आणि त्या पँथरची सिअ‍ॅटलमधली शाखा १९६८ साली निघाली. २०२३च्या फेब्रुवारीत याच शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी केली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो धुरळा उडाला! 'इथे कुठे आलीय जात?' असं विचारणाऱ्यांत असेही होते जे जानेवारीत किंग यांचं वचन अग्रेषित करतात. दुसऱ्याच्या अंगणातल्या अन्यायावर टाळ्या वाजवणं सोपं असतं. तिथे आपल्याला काही सोडावं लागत नाही. मी त्या दिवशी ग्रुपवर काय लिहिलं? काही नाही. 'म्यूट' दाबलं. त्याचा अभिमान नाही.

तिसरा, उत्सवाचा. आमचा इथला गणेशोत्सव शाळेचा हॉल भाड्याने घेऊन होतो. रात्री दहाला हॉल रिकामा करायचा, मखर खोक्यात, खोकी कुणाच्या तरी गॅरेजात. दरवर्षी कुणीतरी हळवं होऊन म्हणतं, आपली स्वतःची वास्तू हवी. मीही मान डोलावतो. पण आम्हाला आमच्या वास्तूतून कुणी हाकललेलं नाही. आम्ही पगारासाठी आपणहून आलो. केंटच्या त्या आजींना मात्र ज्या गल्लीत कोंडलं, तिथे त्यांनी गाणं उभं केलं, आणि गाणं उभं राहिल्यावर गल्लीच हातची गेली. या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पण रात्री दहाला खोकी उचलताना कंबर धरते, तेव्हा त्यांच्या दोन बसेस मला जरा जास्त कळतात, एवढंच.

मग करायचं काय

मी घर सोडून जावं का? बायकोशी यावर एक रविवार भांडण झालं. ती म्हणाली, "आपण गेलो तर त्या आजी परत येणार आहेत का? आपल्याच कंपनीतला दुसरा कुणीतरी येईल, आणि तो लॉबीतले फोटो बघणारसुद्धा नाही." बरोबर आहे. आणि सोयीचंही आहे. दोन्ही एकदम असू शकतं.

तर आम्ही जे करतो ते सांगतो, उपदेश म्हणून नाही. महोत्सवाचं तिकीट पूर्ण किमतीला घेतो, फुकट पास मिळाला तरी. वा ना वारीला दर महिन्याला थोडी रक्कम आपोआप जाते. ओटीटीच्या वर्गणीसारखीच, आणि तिथलं बघायचं निदान संपलेलं तरी असतं. 'आमच्या गल्लीत गर्दी-गोंगाट नको' असल्या तक्रारींच्या सभा होतात, त्यांना जातो आणि 'आम्हाला गोंगाट चालेल' एवढं सांगून येतो. (शनिवारची झोप गेली तरी.) लेकीला तेविसाव्या अ‍ॅव्हेन्यूवरच्या डग्लस-ट्रूथ वाचनालयात नेतो. तिथे आफ्रिकन-अमेरिकन पुस्तकांचा मोठा संग्रह आहे. तिला जेकब लॉरेन्सची चित्रं फार आवडतात. दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या माणसांची साठ चित्रं त्याने १९४१ साली पूर्ण केली. आणि पुढे तो स्वतः १९७१ साली शिकवायला सिअ‍ॅटलला आला आणि शेवटपर्यंत इथेच राहिला. लेक विचारते, "बाबा, हे सगळे बॅगा घेऊन कुठे चाललेत?" मी म्हणतो, "जिथे घर मिळेल तिथे." ती म्हणते, "मग मिळालं का?"

याचं उत्तर अजून मला नीट देता आलेलं नाही.

हे सगळं करून भाडं एक डॉलरने कमी होत नाही, हे मला ठाऊक आहे. एवढ्याने शहर बदलत नाही. पण नुसत्या टाळ्या वाजवणारा प्रेक्षक आणि खुर्च्या लावायला थांबणारा शेजारी यांत फरक असतो, आणि त्यातलं दुसरं होणं माझ्या हातात आहे.

'वॉक द ब्लॉक'च्या त्या संध्याकाळी अंधार पडल्यावर गॅरेजमधला पडदा उतरवायला दोघेजण धडपडत होते. एक टोक हाताला येत नव्हतं. मी पुढे होऊन धरलं. यजमानाने विचारलं, "इथलाच का तू?" मी पाच सेकंद विचार केला आणि म्हटलं, "समोरच्या नव्या बिल्डिंगमधला." तो हसला, म्हणाला, "बरं, मग तेवढ्या खुर्च्याही आत घे."

घेतल्या. अठ्ठावीस होत्या.

असो. पुढच्या सप्टेंबरात कुणी सिअ‍ॅटलला असाल तर कळवा. चहा आमच्याकडे, फिरू एकत्र. फक्त शनिवारी दुपारी दोनच्या आत बेल वाजवू नका :-)